न हलणारा पंचवीस

"गरम सीटवर आज मन्हा नंबर शे!"

"जाय वं! कालदिन बी तूच बठनी व्हती!"

"मन्हा गुडघा दुखस, माले बठू दे ना माय!"

चुनीलालमामाच्या खळ्यात सकाळच्या गारठ्यात हे भांडण रोजच जुंपायचं. कापूस वेचायला निघालेल्या बाया डोक्याला फडकी गुंडाळून, कुडकुडत ई-रिक्षाभोवती गोळा व्हायच्या आणि मागच्या सीटसाठी ढकलाढकली करायच्या. कारण ती सीट गरम असायची! नुकत्याच विझवलेल्या चुलीसारखी, छान उबदार. शेवटी तोडगा एकच निघे. फुलीबाई आपल्या तान्ह्या दिनेशला त्या सीटवर निजवायची, आणि मग कुणी काही बोलायचं नाही. खोकून बेजार झालेलं ते पोर ऊब लागताच मुठी सैल सोडून गाढ झोपी जाई.

दिवाळीच्या सुट्टीत नंदुरबारहून आईसोबत मामाच्या गावी, कळसाडीला आलेली दामिनी ओट्यावरून हे सगळं बघत होती. बघत राहायची सवय तिला आईकडून लागली होती. आई झोपण्याआधी गॅसचं बटण तपासायची, मग झोपल्यावर पुन्हा उठून तपासायची. चार्जिंगला लावलेला मोबाइल उशीपाशी दिसला, तर बाबांवरसुद्धा ओरडायची.

"गोप्या, सीट गरम का असते रे?" दामिनीने विचारलं.

मामेभाऊ गोपाल सातवीत होता, पण जीभ त्याची कॉलेजात गेलेली. "कंपनीनी हीटर लायेल व्हई! तुले काय तरास शे? थंडीमा फुकटनी शेगडी!"

"मग मोती रिक्षाखाली का झोपत नाही?"

गोपालने वळून बघितलं. मोती कुत्रा एरवी रिक्षाखालची जागा कुणाला देत नसे. आता तो पार गोठ्याच्या टोकाला, ओल्या मातीत अंग चोरून पडला होता.

"त्यानं काही भांडण व्हयनं व्हई रिक्षासंगे," गोपाल म्हणाला खरा, पण हसला नाही.

तेवढ्यात फुलीबाईची मुलगी निशा बाळाची दुपटी घेऊन आली. सातपुड्यातल्या धडगावकडची ही माणसं, कापसाच्या दिवसांत खाली उतरलेली. निशाच्या आश्रमशाळेला सुट्टी लागली, तशी ती दिनेशला सांभाळायला आईजवळ आली होती. घरी ती पावरी बोले. या दोघांशी मात्र शाळेतली मराठी, धड्यातल्यासारखी स्वच्छ.

"मलाही एक गोष्ट विचित्र वाटते," ती म्हणाली. "हँडलजवळच्या पडद्यावर बॅटरीचं तापमान दिसतं ना? सकाळी पंचवीस. भर दुपारी पंचवीस. संध्याकाळीही पंचवीसच! आमच्या शाळेतली तापमापी अशी वागते. पण ती फुटलेली आहे!"

दामिनीने चहाची कपबशी खाली ठेवली. आभाळ कितीतरी दिवसांपासून मळलेल्या गोधडीसारखं गावावर पसरलं होतं. त्या उजेडात पडद्यावरचा हिरवा आकडा लांबूनही स्पष्ट दिसत होता.

पंचवीस.

*

मुलं शेताकडे चालत निघाली. रिक्षा त्यांना मागे टाकून पाटाजवळचा चढ सरसर चढून गेली. टपावर रिकाम्या गोण्या, आत बाया इतक्या दाटीने बसलेल्या की एकीचं पाऊल बाहेर लोंबत होतं.

"बघ, कशी पळस!" गोपाल अभिमानाने म्हणाला. "पहिले ह्याच चढवर रोज बंद पडे. लाल दिवा लागे, आनि खल्लास! बाया उतरीसन धक्का मारेत. बाबा इतला शिव्या देयेत का काय सांगू! मंग झिपरू मिस्तरीनी नीट करी दिनी."

"काय केलं त्यांनी?"

"ते त्यासलेच इचार. बाबा म्हनतस, मिस्तरीना हातमा जादू शे."

शेतात कापूस फुटून लोंबत होता आणि वरून भुरभुर चालू होती. ओला कापूस काळा पडतो, मग त्याला कुणी विचारत नाही. म्हणून मामाने यंदा बाया वाढवल्या होत्या आणि रिक्षाच्या खेपाही. कुणाच्याही चेहऱ्यावर सुट्टीचं हसू नव्हतं. नुसता वेचायचा सपाटा!

विहिरीवरच्या खोलीत पंप सुरू होता. दामिनी पाणी प्यायला गेली, तर पंपाच्या स्टार्टरच्या पेटीत कापसाच्या पऱ्हाटीची एक वाळकी काडी घट्ट खोचलेली.

"ही काय भानगड?"

"वीज कमी-जास्त व्हयनी, मोटर तापनी, का स्टार्टर टकदिशी पडी जास," गोपाल म्हणाला. "मंग परत कोन येई एवढं लांब? काडी खोची दी का तो पडतच नही! मिस्तरी आठे सगळासले खोची देतस."

"पण तो पडतो ते मोटर जळू नये म्हणूनच ना?"

"हा. जळस कधीमधी. मंग झिपरू मिस्तरी वायंडिंग करी देतस."

"म्हणजे काडी खोचायलाही तेच आणि जळल्यावर दुरुस्तीलाही तेच! मिस्तरींचा धंदा छान आहे," निशा गंभीरपणे म्हणाली, आणि त्या उदास दिवसात तिघंही पहिल्यांदा खळखळून हसली.

पण दामिनीचं हसू लगेच ओसरलं. खोकणाऱ्या दिनेशसाठी आईने कालच तिच्याजवळ ताप मोजायचं यंत्र दिलं होतं, ते तिला आठवलं. बाया भाकरी खायला बांधावर बसल्या, तशी ती रिकाम्या रिक्षाकडे गेली. यंत्राचं टोक तिने मागच्या सीटच्या फटीत सरकवलं आणि वाट बघितली. पीप, पीप!

माणसाच्या तापाचे आकडे संपून गेले होते. यंत्रावर नुसतं 'एच' अक्षर लुकलुकत होतं. एवढा ताप मला मोजता येत नाही, असं सांगणारं अक्षर.

समोरच्या पडद्यावर मात्र थंडगार पंचवीस!

*

"मामा, रिक्षाची बॅटरी तापते आहे. पडदा खोटं बोलतो!"

संध्याकाळी खळ्यात दामिनीने हे सांगितलं, तेव्हा मामाजवळ झिपरू मिस्तरी चहा पीत बसला होता. जळालेल्या पंपांच्या मोटारींत नवी तार भरण्यात गावात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तो इतका हसला की चहा बशीतून सांडला.

"गाडीले ताप ऊना? मंग तिले गोळी दे, पानीसंगे!"

"पण मिस्तरीकाका, तुम्ही तिला काय केलंत?"

मिस्तरी खुलला. "कंपनीवाला येडा शेतस, पोरी! बॅटरीमा ताप देखाकरता एक बारीक वायर ऱ्हास. ताप वाढना का ती गाडीना मेंदूले सांगस, आनि मेंदू गाडी बंद करी टाकस. अशी गाडी खेतीमा चालस का? मी पहिले ती वायर काढी टाकी. तं गाडी चालूच व्हयेना! मंग डोकं चालाडं. वायरना जागावर एक बारीक दांडी खोची दिनी. आते मेंदूले वाटस, बॅटरी सदा थंड शे! स्टार्टरमा काडी खोचतस ना? तशीच!"

दामिनीला पंपाची पेटी आठवली. काडी! म्हणजे बॅटरीला खरोखरच ताप होता, आणि सांगणाऱ्याचंच तोंड बंद केलं होतं.

"भाऊ, एकदा शहाद्याला कंपनीच्या माणसाला दाखवून आण ना," ओट्यावरून आई म्हणाली.

"कापूस घरमा ऊना का लई जासू," मामा चिडून म्हणाला. "ममता, तू लहानपनपाईन घाबरट, आनि तुन्ही पोर बी तशीच! आठे कापूस काळा पडी ऱ्हायना, आनि ह्यासले डॉक्टर-डॉक्टर सुचस!"

विषय संपला. आईने मात्र आत येऊन दामिनीचा दंड धरला. "उद्यापासून त्या रिक्षात पाय ठेवायचा नाहीस. शेतात जायचं तर चालत जा. आणि कुठल्याही वायरीला हात लावायचा नाही. कळलं?"

"कळलं. आणि दिनेश?"

आईचा हात सैल पडला. ती दारातून खळ्याच्या कडेच्या फुलीबाईच्या ताडपत्रीच्या झोपडीकडे बघत राहिली.

निशाने आपल्या आईला सांगून बघितलं होतं. "आई म्हणते, ऊब मिळाली की त्याचा खोकला थांबतो," ती म्हणाली. "तिला बॅटरी दिसत नाही, दामिनी. तिला बाळ झोपलेलं दिसतं."

*

दुसऱ्या दिवशी दुपारपासूनच अंधारून आलं. सातपुड्याचे डोंगर ढगांनी गिळून टाकले होते. पाऊस धरायच्या आत सगळा कापूस घरी न्यायचा, म्हणून मामाने गाठोडी रिक्षात कोंबली, टपावर बांधली आणि बायांना हाका मारल्या. "चाला, बठा पटापट! एकच खेप करनी शे!"

दामिनी रिक्षाजवळ गेली आणि थबकली. कसला तरी गोड, उग्र वास येत होता. नखांचा रंग पुसायच्या पाण्यासारखा. तिने मागची सीट जराशी उचलली. खालच्या बॅटरीच्या पेटीचं झाकण एका बाजूने वर आलं होतं. पेटी फुगली होती! पेटीच्या बाहेर, कोपऱ्यातल्या छोट्याशा पांढऱ्या प्लगमध्ये रंगीत पट्ट्यांची तांदळाएवढी दांडी खोचलेली दिसत होती.

"हा तर रोध, वीज अडवणारा! विज्ञानाच्या पेटीत असतो तो!" निशा कुजबुजली.

"मिस्तरीकाका काय म्हणाले, आठवतं?" दामिनी त्या दांडीकडे बघत म्हणाली. "वायर काढली, तेव्हा गाडी चालूच होईना. मग ही काडी काढली तर?"

"तरी बी चालू व्हवाव नही!" गोपालचे डोळे चमकले, आणि लगेच विझले. "बाबा माले जित्ता ठेवाव नहीत."

मग गोपालने एक खोल श्वास घेतला आणि शेताच्या दुसऱ्या टोकाकडे हात करून ठणाणा बोंब ठोकली, "बाबा! डुकरं! रानडुकरं ऊनात कापूसमा!"

मामा काठी घेऊन धावला. बायाही माना उंचावून तिकडे बघू लागल्या.

दामिनीने आधी चावी फिरवून बंद केली. वायरीला हात लावायचा नाही! आईचा आवाज कानात घुमत होता. आयुष्यात पहिल्यांदाच ती आईचा शब्द जाणूनबुजून मोडत होती. निशाने डोक्याचं कोरडं फडकं सोडून तिच्या बोटांना गुंडाळलं. सीटखालून येणारी धग चेहऱ्याला लागली. एक हिसका, आणि ती इवलीशी दांडी तिच्या मुठीत होती.

"कोठे शेतस डुकरं?" मामा धापा टाकत परत आला.

"पळी गयात, बाबा. तुमले देखीसनच घाबरनात!"

मामाने चावी फिरवली. पडद्यावर पंचवीस नव्हता! दोन आडव्या रेघा आणि एक लाल त्रिकोण. रिक्षा ढिम्म.

"आते काय व्हयनं हिले?" मामाने हँडलवर गुद्दा मारला आणि मिस्तरीला फोन लावला.

तिघांनी सुटकेचा श्वास सोडला. पण ती सुटका टिकली नाही. कारण त्याच क्षणी पाऊस आला, टपोऱ्या थेंबांचा, आणि बाया भराभर रिक्षात शिरल्या. आसऱ्याला दुसरं होतंच काय? फुलीबाईने दिनेशला नेहमीसारखं मागच्या सीटवर निजवलं आणि त्याच्या अंगावर पदर घातला.

"बठा, बठा! मिस्तरी येई ऱ्हायना," मामा म्हणाला.

"नको!" दामिनी किंचाळली. "मामा, सगळ्यांना उतरवा! ही बघा तुमच्या मिस्तरीची काडी. मीच काढली! बॅटरी फुगली आहे, वास येतोय, कुणालाच कसा येत नाही?"

मामाचा चेहरा तांबडा-काळा झाला. "तू काढी? मन्हा कापूस भिजी ऱ्हायना, आनि तू..." त्याने हात उगारला.

तेव्हा निशाने ते केलं, जे कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. ती रिक्षात घुसली, झोपलेल्या दिनेशला उचललं आणि पावसात धूम ठोकली! बाळाने टाहो फोडला. फुलीबाई पावरीत ओरडत तिच्यामागे धावली. "धरा वं तिले! पोरले भिजाडी टाकी!" म्हणत बाकीच्या बायाही उतरल्या आणि चिखल तुडवत रस्त्याकडे पळाल्या. गोपालने बापाचा उगारलेला हात दोन्ही हातांनी धरला आणि त्याला मागे ओढायला लागला. "बाबा, मंग मारा! पहिले आठून हटा! बाबा!"

फुलीबाईने निशाला रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली गाठलं, पाठीत एक धपाटा घातला आणि बाळ हिसकावून घेतलं.

आणि मागून आवाज आला. फुस्स्स...! कुकरची शिट्टी अडकल्यासारखा.

सगळ्यांनी वळून बघितलं. रिक्षाच्या मागच्या सीटखालून पांढरा दाट धूर झोत मारून बाहेर येत होता. मग फटाक्यांसारखे तडतड आवाज झाले, सीट वर उडाली, आणि ती होती तिथून निळसर-पिवळी ज्वाळा टपापर्यंत उसळली. कापसाची गाठोडी भपकन पेटली. वरून पाऊस पडत होता आणि खाली आग जळत होती. पावसाला ती जुमानतच नव्हती.

मोटारसायकलवरून आलेला झिपरू मिस्तरी पाना हातात घेऊन पुढे धावला. "जाऊ नका! धूर विषारी असतो!" दामिनी ओरडली. मामानेच त्याची मानगूट धरून मागे खेचलं.

फुलीबाई त्या जळत्या सीटकडे बघत होती. बघता बघता तिने दिनेशला इतकं घट्ट धरलं की ते पुन्हा रडायला लागलं.

*

धूर बघून गावातून आई अनवाणी धावत आली. तिने आधी दामिनीचे दोन्ही हात उलटसुलट करून तपासले, मग एक चापट मारली आणि मग मिठीत घेतलं.

"वायरीला हात लावलास!"

"लावला, आई."

"बरं केलंस," आई तिच्या केसांत पुटपुटली. "मी कालच त्या रिक्षासमोर उभं राहायला हवं होतं."

मामा बांधावर डोकं धरून बसला होता. कापूस गेला होता, रिक्षाचा काळा सांगाडा उरला होता. पण तो बोलला, तेव्हा त्यातलं काहीच त्याच्या बोलण्यात नव्हतं. "मी त्या पोरले रोज तठेच झोपू दिनं," तो म्हणाला. "रोज!" मग तो उठला, निशासमोर आणि दामिनीसमोर उभा राहिला. उगारलेला तोच हात त्याने दोघींच्या डोक्यावर ठेवला. "पोरींहो, तुम्ही मन्हा घरवरना कलंक टाळी दिना. आनि गोप्या..."

"डुकरं खोटी व्हतीत, बाबा," गोपाल घाईघाईने म्हणाला. "मार द्यायना व्हई तं आतेच दी टाका."

एवढ्या उदासीतही एक-दोन बाया फिस्सकन हसल्या. मामाने त्याला जवळ ओढलं. "असा आंडोर, असा पोर सगळासले भेटो," एवढंच म्हणाला आणि तोंड फिरवलं.

झिपरू मिस्तरी विहिरीकडे गेला. पंपाच्या पेटीतली काडी उपटून त्याने कडाकडा मोडली. त्यानंतर गावात ज्याच्या-ज्याच्या विहिरीवर त्याने अशी काडी खोचली होती, तिथे जाऊन तो ती स्वतः काढू लागला. लोक कुरकुरले, तर म्हणे, "पडू द्या स्टार्टर. तो काय म्हनस ते पहिले आयका."

दुसऱ्या सकाळी बाया बैलगाडीतून निघाल्या. गारठा तसाच होता, आभाळ तसंच. गाडीच्या लाकडी फळ्या बर्फासारख्या गार पडल्या होत्या. मोती मात्र गोठ्याच्या टोकाहून उठून येऊन गाडीखाली ऐसपैस पसरला होता आणि निघायच्या वेळी त्याला हाकलावं लागलं.

दामिनीने दिनेशच्या काखेत ते ताप मोजायचं यंत्र धरलं. पीप, पीप! या खेपेला आकडा आला. माणसाचा, साधा, बरोबर आकडा.

"काल रात्री होता, त्यापेक्षा थोडा कमी," ती म्हणाली. "बघ, हलतो!"

आईने आपली लोकरीची शाल आणून बाळाभोवती गुंडाळली. फुलीबाईने तिच्याकडे आणि दामिनीकडे बघून पावरीत काहीतरी म्हटलं, हळू आवाजात.

"काय म्हणाली?" दामिनीने विचारलं.

निशाने गाडीत चढून आईला खेटून जागा केली. "म्हणाली, शहरातल्या पोरीचे डोळे चांगले आहेत. आणि म्हणाली..." तिने शालीचं टोक दिनेशच्या पायांवर ओढलं. "थंडी चालेल."